खबर आणि खबरदारी



एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत नेणे हा माझा व्यवसाय आहे. या व्यवसायात मोठमोठे पारिभाषिक शब्द जितके अडवीत नाहीत तितके साधे, घरगुती शब्द अडवितात. कुमाऊंच्या डोंगराळ मुलखाविषयीचा काही मजकूर मराठीत आणताना मला असाच एक शब्द अडला. तो शब्द म्हणजे 'शेजार'. सपाटीवर राहणाऱ्या माणसाच्या मनात शेजारी म्हणजे उजवीकडचा किंवा डावीकडचा, भिंतीला भिंत लागून राहणारा. कुमाऊंत मात्र गावांच्या नावांतच 'मल्ला' आणि 'तल्ला' हे शब्द येतात. मल्ला म्हणजे वरचा आणि तल्ला म्हणजे खालचा. नैनिताल शहराच्या दोन भागांची नावेही मल्लीताल आणि तल्लीताल अशीच आहेत. सह्याद्रीच्या कुशीतील आपल्या मंडळींना हे नवे वाटणार नाही. वरची वाडी आणि खालची वाडी ही भाषा त्यांचीही आहेच.

शेजार असा आडव्याचा उभा झाला की शेजारधर्मही पालटतो. सपाटीवर एखाद्याच्या अंगणात पाणी तुंबले तर ती त्याची स्वतःची अडचण असते. उतारावर वरच्या अंगणात मुरलेले पाणी हे खालच्या घरावरील संकट असते. आणि खालच्याने घरासाठी डोंगराचा पायथा कापला तर वरच्या घराचा आधार जातो. ज्याच्यामुळे धोका उत्पन्न होतो आणि ज्याला तो भोगावा लागतो, ती माणसे एकाच डोंगरावर राहतात, पण त्यांना एकमेकांचे अंगण दिसत नाही. म्हणून डोंगरावर ज्याला दिसते त्याने न दिसणाऱ्याला सांगितले पाहिजे. आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखलेली आहे. फारसीतून आलेला 'खबर' हा शब्द मराठीत रुळला आणि त्याच्याच पाठीवर 'खबरदार' व 'खबरदारी' हे शब्द आले. ज्याच्याजवळ खबर आहे तो खबरदार. आज मला जे सांगावयाचे आहे ते या एका शब्दात सामावलेले आहे.

ज्या घटनेमुळे मी या विषयाकडे वळलो, ती नैनितालची आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला एक तलाव आणि त्याच्या काठाने व उतारांवर वाढत गेलेली वस्ती, असे हे शहर आहे. १८४१ नंतर येथे इंग्रजांचे बंगले उभे राहू लागले आणि थोड्याच वर्षांत नगरपालिकाही आली. तलावाच्या उत्तरेकडील 'शेर का डांडा' या डोंगराचा उतार भुसभुशीत, तडकलेल्या पाटीच्या दगडाचा आहे. अशा दगडात पाणी शिरले की त्याचे थर एकमेकांवरून घसरू लागतात. १८६० नंतरच्या दशकातच या बाजूला दरडी कोसळल्या होत्या. डोंगराने आपला स्वभाव दाखविला होता. परंतु बांधकाम थांबले नाही.

१८८० च्या सप्टेंबर महिन्यात १६ तारखेला, गुरुवारी, पाऊस सुरू झाला. शुक्रवार आणि शनिवार या दोन दिवसांत सुमारे ३३ इंच, म्हणजे जवळजवळ ८४० मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरांचे एखादे अंगण घेतले तर त्या दोन दिवसांत त्यावर ८४ हजार लिटर, म्हणजे ८४ टन पाणी पडले. यांतील काही वाहून गेले असेल. उरलेले डोंगराच्या पोटात गेले.

शनिवारी, १८ तारखेला, सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलाच्या मागील उताराचा एक भाग खचला आणि काही माणसे गाडली गेली. खबर शहरात पोहोचली. अधिकारी, सैनिक आणि मजूर धावून आले आणि उपसा सुरू झाला. माणसे काढण्याचे हे काम चालू असतानाच दुपारी दीडच्या सुमारास डोंगराचा फार मोठा भाग सुटला. एका मिनिटाच्या आत हॉटेल, त्याखालची दुकाने आणि तलावाकाठचे सभागृह नाहीसे झाले. नयनादेवीचे देऊळही गेले; ते पुढे पुन्हा बांधण्यात आले. मृतांची संख्या १५१ झाली. त्यांपैकी १०८ हिंदी आणि ४३ युरोपीय होते. या मृतांमध्ये सकाळी मदतीला धावलेल्यांचाही समावेश होता. आज मल्लीतालला जे विस्तीर्ण मैदान दिसते, ते बरेचसे त्या दिवशी खाली आलेल्या डोंगराच्या मलब्यावर तयार झालेले आहे. तेथे मुले खेळतात आणि प्रवासी हिंडतात. आपण कशावर उभे आहोत, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

श्रोतेहो, या घटनेतील एक गोष्ट मला विशेष विचार करण्यासारखी वाटते. सकाळची खबर खाली पोहोचली होती आणि माणसे आलीही होती. परंतु ती खबर 'काय झाले' एवढेच सांगणारी होती. 'आता काय होऊ घातले आहे' हे सांगणारे कोणी नव्हते. खाली उपसा करणाऱ्यांचे डोळे मातीकडे लागलेले होते. डोंगराकडे पाहत उभे राहणे हेच ज्याचे काम, असा माणूस तेथे हवा होता. अशा प्रसंगी धावून जाणाऱ्यांच्या अंगी धैर्य असते, त्याबद्दल वादच नाही. पण दहा माणसे खाली उतरणार असतील, तर त्यांतील एकाने सुरक्षित जागी थांबून वरच्या उतारावर नजर ठेवावी, हाती शिट्टी किंवा थाळी ठेवावी, आणि तिचा आवाज होताच बाकीच्यांनी हातातील काम टाकून बाजूला व्हावे, हा नियम त्या १५१ मृत्यूंनी आपल्याला शिकविला आहे. एक दरड कोसळली म्हणजे डोंगर शांत झाला असे होत नाही. पुष्कळदा पहिली दरड दुसरीचा आधारच काढून घेते.

नैनितालने या आघातापासून काही धडे घेतले. उतारावर ठिकठिकाणी दगडी नाले बांधून पावसाचे पाणी मुरण्याआधीच तलावात नेण्याची व्यवस्था झाली. डोंगरउतारांच्या सुरक्षिततेचा विचार करणारी एक समितीच एकोणिसाव्या शतकात तेथे नेमली गेली. हे शहर आजवर टिकून राहिले यात त्या नाल्यांचा वाटा मोठा आहे. पण नाला ही एकदा बांधली आणि संपली अशी वस्तू नव्हे. वरच्या घराचे बांधकाम निघते, दगडमाती नाल्यात लोटली जाते, पहिल्या पावसात ती एखाद्या वळणावर अडते, आणि पाणी नाला सोडून उतारात शिरते. ज्याने मलबा टाकला त्याच्या दाराशी काहीच घडत नाही. घडते ते तीन घरे खाली. अशा वेळी नाला तुंबल्याची खबर ही क्षुल्लक तक्रार नसते. डोंगरावरील वस्तीत त्याहून महत्त्वाची स्थानिक बातमी क्वचितच असेल.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात वरचा डोंगर त्यावर आला आणि चाळीसहून अधिक घरे गाडली गेली. तेथील मृतांचा अधिकृत आकडाही १५१ च होता. १८८० मधील नैनितालचा आकडा आणि हा आकडा एकच असावा, हा केवळ योगायोग आहे. परंतु वाचताना माणूस क्षणभर थांबतो खरा. माळीणची खबर बाहेर कशी आली, हे आपणा सर्वांना स्मरत असेल. एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला आणि जेथे गाव दिसावयाचे तेथे त्याला चिखल दिसला. त्याने ही वार्ता बाहेर पोहोचविली. खबर देण्यासाठी गावात पुरेसे लोकच उरले नव्हते, म्हणून ती बाहेरून येणाऱ्या चालकाला द्यावी लागली. एखाद्या वस्तीच्या असाहाय्यतेचे याहून विदारक चित्र कोणते असेल?

त्यानंतर नऊ वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही ठाकर समाजाची वाडी होती. तेथवर मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीला जाणाऱ्यांना अंधारात, पावसात, पायी डोंगर चढावा लागला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा शोध अखेरपर्यंत लागला नाही. या वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे त्या वेळी विधिमंडळात सांगण्यात आले. यादी करणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. याद्या आवश्यकच आहेत. पण डोंगर यादी वाचून कोसळत नाही. यादी वर्षांतून एखादे वेळी होते; वाडीतील माणूस मात्र तो उतार रोज चढतो आणि उतरतो. त्याच्या डोळ्यांना जे दिसते ते यादीपर्यंत पोहोचण्याची वाट असली पाहिजे, आणि ते तेथे पोहोचेपर्यंत वाडीने आपली खबरदारी आपण घेतली पाहिजे.

हे केवळ बोलण्यापुरते नाही. केरळातील वायनाड जिल्ह्यात त्याचा प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या संस्थेने जिल्हाभर दोनशेहून अधिक साधी पर्जन्यमापके बसविली. ती वाचण्याचे काम तेथील रहिवासीच करतात. रोज पडलेला पाऊस मोजावयाचा आणि तो आकडा केंद्राकडे कळवावयाचा, एवढेच त्यांचे काम. सबंध जिल्ह्याची सरासरी एक सांगते आणि एका विशिष्ट डोंगराच्या माथ्यावर निराळेच घडत असते. डोंगराळ मुलखात दोन दऱ्यांच्या पावसात जमीनअस्मानाचे अंतर असू शकते. २०२० साली मुंडक्कईच्या परिसरात अशाच नोंदींच्या आधारे लोकांना आधी हलविण्यात आले आणि दरड कोसळूनही प्राणहानी टळली. दहा-वीस रुपयांच्या बाटलीतूनही घरगुती पर्जन्यमापक करता येते. तिला अर्थ येतो तो रोज ठराविक वेळी ती पाहणाऱ्या माणसामुळे.

परंतु याच मुंडक्कईची पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. नाहीतर माझे बोलणे अर्धसत्य ठरेल. २०२४ च्या जुलैअखेर त्या परिसरात ४८ तासांत ५७२ मिलिमीटर पाऊस पडला. नोंदी होत होत्या आणि आदल्या दिवशी धोक्याची सूचनाही दिली गेली होती. तरीही ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर दरड आली, पहाटे पुन्हा आली, आणि मुंडक्कई व चूरलमला येथील अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यांत चहाच्या मळ्यांत राबणारी आणि मजुरांच्या चाळींत राहणारी पुष्कळ कुटुंबे होती. माळीणच्या घटनेला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती. यावरून खबर निरुपयोगी ठरते काय? माझ्या मते नाही. त्यावरून एवढेच ठरते की खबर म्हणजे आकडा नव्हे. पर्जन्यमापकापासून शेवटच्या झोपडीपर्यंतचा रस्ता तिने पुरा केला पाहिजे. तिच्याबरोबर 'कोठे जावयाचे' याचे उत्तर गेले पाहिजे. आणि जाणाऱ्याच्या डोक्यावर त्या रात्री छप्पर असले पाहिजे. म्हातारी आई, बांधलेली गुरे आणि आयुष्यभर जमविलेला संसार सोडून पावसात निघा, असे केवळ आकड्याच्या बळावर कोणाला सांगता येत नाही. ते ओळखीच्या माणसाने दारात येऊन सांगावे लागते.

आणि ऐकणाऱ्याचाही एक धर्म असतो. गढवालमधील जोशीमठाची कथा त्या दृष्टीने बोलकी आहे. १९७६ साली गढवालचे तत्कालीन आयुक्त मिश्र यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्पष्ट सांगितले होते की हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसलेले आहे. उतारावरील मोठे दगड हलवू नयेत, सुरुंग लावू नयेत, झाडे लावावीत, पाण्याच्या निचऱ्याची पक्की सोय करावी. मध्यंतरीच्या काळात गाव वाढत गेले. २०२३ च्या जानेवारीत तेथील आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्याचे आढळले आणि अनेक कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. त्यापूर्वी वर्षभराहून अधिक काळ रहिवासी आपल्या भिंतींवरील तडे दाखवीत होते. येथे खबर द्यायला कोणी चुकले नाही. कमतरता होती ती खबर घेणाऱ्या कानांची. मराठीत आपण 'खबर देणे' म्हणतो तसेच 'खबर घेणे' असेही म्हणतो, आणि दुसऱ्या प्रयोगात विचारपूस करण्याचा जिव्हाळा आहे. ज्याला खबर द्यावयाची तो जर कधी खबर घेतच नसेल, तर देणारा हळूहळू गप्प होतो. त्याचे हे गप्प होणे वस्तीला फार महाग पडते.

मग उतारावरील वस्तीने करावे काय? मी अभियंता नाही. पण तज्ज्ञांनी वारंवार सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत, आणि त्या साध्या भाषेत सांगणे हे तर माझे कामच आहे. घराच्या वरच्या बाजूस, विशेषतः उताराच्या माथ्यावर, जमिनीला नवी भेग दिसली; दार-खिडकी एकाएकी चौकटीत अडकू लागली; विजेचा खांब किंवा झाड कलले; आधारभिंतीला फुगवटा आला; झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ झाले किंवा नवा पाझर फुटला; भर पावसात ओढ्याचे पाणी ओसरले, म्हणजे वर कोठेतरी ते अडले असण्याचा संभव आहे; जमिनीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज आला; तर ही सारी खबर आहे. भेगेच्या दोन्ही कडांवर खूण करावी, त्याखाली तारीख लिहावी आणि अंतर वाढते की काय ते पाहावे. शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर मात्र खुणा करीत बसण्याची वेळ नसते. तेव्हा ओढ्याच्या वाटेतून आणि उताराच्या खालून आधी बाजूला व्हावे आणि वाटेतील प्रत्येक दार ठोठवावे.

वस्तीत एक वही असावी. शाळेत, देवळात किंवा दुकानात, कोठेही, पण एका ठरलेल्या जागी असावी. तीत कोणी पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले आणि किती पाहिले, या चारच गोष्टी लिहाव्यात. 'डोंगर येणार म्हणतात' ही अफवा होय. 'वरच्या टाकीच्या मागे, आज सकाळी सात वाजता, हातभर लांबीची आणि दोन बोटे रुंदीची भेग मी पाहिली' ही खबर होय. आजकाल दूरध्वनी खिशात आला आहे आणि एका क्षणात शंभर घरांत निरोप जातो. ही सोय मोठीच आहे. पण अफवेलाही तितकीच. म्हणून त्या चार प्रश्नांची शिस्त आज पूर्वीहून अधिक हवी. शिवाय वादळी रात्री वीज जाते आणि दूरध्वनीही मुके होतात. तेव्हा घंटा, थाळी आणि हाक हीच साधने उरतात. कोणत्या घराने कोणत्या घराला हाक द्यावयाची, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे. एकटी म्हातारी कोठे राहते, अंथरुणाला खिळलेला माणूस कोणत्या घरात आहे आणि नाल्याच्या काठी परगावचे मजूर कोठे उतरले आहेत, हेही त्या वहीत असावे. नैनितालच्या १५१ मृतांपैकी १०८ हिंदी होते, हे मी मघाशी सांगितले. मजूर आणि नोकरचाकर हे वस्तीत असूनही पुष्कळदा वस्तीच्या हिशेबात नसतात. ज्याला कोणी शेजारी मानीत नाही त्याच्यापर्यंत खबर पोहोचत नाही.

एक शंका येथे स्वाभाविकपणे निघेल. खबर दिली, लोक रात्री बाहेर पडले आणि डोंगर आलाच नाही, तर? लोक हसतील, पुढच्या वेळी ऐकणार नाहीत. ही भीती खरी आहे, आणि तिच्यापायी पुष्कळजण तोंड मिटून बसतात. यावर उपाय एकच दिसतो. वस्तीने आधीच आपसांत ठरवून टाकावे की फुकट गेलेल्या रात्रीबद्दल कोणाला बोल लावावयाचा नाही. शाळेच्या ओसरीवर कुडकुडत काढलेली एक रात्र ही फार स्वस्त किंमत आहे. सकाळी घरी परतल्यावर चूल पुन्हा पेटविता येते. खबर देणाऱ्याला त्या सकाळी कोणी चहाला बोलाविले, तर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा बोलेल.

श्रोतेहो, डोंगर आपल्या गतीने झिजत असतो. त्याला थांबविणे माणसाच्या हाती नाही. त्याच्या अंगावर कोठे घर बांधावे, त्याचे पाणी कोठून वाहू द्यावे आणि त्याने दिलेल्या खुणा एकमेकांना कशा सांगाव्यात, एवढेच आपल्या हाती आहे. हे एवढेही थोडे नव्हे. मल्ल्याने तल्ल्याला सांगावे, तल्ल्याने ऐकावे आणि आपल्याखालच्याला कळवावे. वरच्या वाडीतील माणसाला खालच्या वाडीतील दिवे दिसतात. पावसाळी रात्री ते दिवे पाहताना, आपल्या अंगणातील भेग ही त्या दिव्यांचीही गोष्ट आहे, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला शेजारधर्म कळला.